ईआरपीनेक्स्टचं मेंटेनन्स: सांगलीच्या कारखान्यांना कितपत झेपतं?

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या मध्यम कारखान्याने मेंटेनन्ससाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं की दोन रस्ते समोर येतात. एक म्हणजे फक्त मेंटेनन्सचं ॲप. त्याचे पैसे बहुतेक वेळा दर महिन्याला माणशी मोजावे लागतात. दुसरा म्हणजे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट. त्यात खरेदी, स्टोअर आणि हिशेब आहेत, त्यांच्या शेजारी मेंटेनन्सही आहे. हे परीक्षण दुसऱ्या रस्त्याचं आहे, फक्त मेंटेनन्सपुरतं आणि आवृत्ती 15 धरून.

आधी त्याची सगळ्यात जमेची बाजू. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, परवाना जीपीएल 3 चा. स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं तर लॉगिन 5 असोत की 50, परवान्याचा खर्च शून्य. मेंटेनन्समध्ये ही बाब वरवर दिसते त्याहून मोठी आहे. माणशी दर असला की मालक दोनच लॉगिन घेतो, एक इंजिनिअरला आणि एक स्टोअरला. मग तिन्ही शिफ्टचे फिटर एकाच नावाने नोंदी करतात आणि ‘काम कोणी केलं’ हा रकाना असून नसल्यासारखा होतो. इथे प्रत्येक फिटर, वायरमन आणि ऑपरेटरला स्वतःचं लॉगिन देता येतं, आणि ते द्यावंच लागतं, कारण प्रतिबंधक (बिघाड होण्याआधीच करायच्या) कामाची वाटणी सॉफ्टवेअरमधल्या वापरकर्त्यालाच होते, नुसत्या नावाला होत नाही.

आता मूळ अडचण. हे सॉफ्टवेअर दिवस मोजतं. कामाची पाळी रोज, आठवड्याला, महिन्याला, तिमाही, सहामाही, वर्षाला, दोन वर्षांनी, तीन वर्षांनी अशीच लावता येते. ‘दर 2,000 तासांनी तेल बदल’ असं सांगायला रकानाच नाही. आणि आपल्याकडची बरीचशी यंत्रं दिवसांवर चालत नाहीत, हंगामावर चालतात. तासगाव-मिरजेच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा भरला की उन्हाळ्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर दिवसाचे 20 तास पळतो, थंडीत तोच 8 तासांवर येतो. साखर कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो आणि मग महिनोन् महिने उघडून ठेवलेला असतो. ज्याला ही गोष्ट आधी कळते त्याला हे सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. ज्याला नंतर कळते तो वर्षभरात पुन्हा लाल पुठ्ठ्याच्या वहीकडे जातो.

मशीनची यादी

ईआरपीनेक्स्टमध्ये मशीन म्हणजे ‘ॲसेट’. ॲसेट हा आधी हिशेबाचा विषय आहे, मेंटेनन्सचा नंतर. म्हणून पहिलं मशीन चढवताना फिटरला काहीही देणंघेणं नसलेल्या चार गोष्टी भराव्या लागतात: स्थिर मालमत्ता म्हणून खूण केलेला आयटम, मालमत्तेचा प्रकार आणि त्याची खाती, जागा, आणि खरेदीची रक्कम. जुन्या मशीनसाठी ‘आधीपासून असलेली मालमत्ता’ ही खूण करायची, म्हणजे खरेदीचं बिल मागितलं जात नाही. रक्कम मात्र तरीही लागते.

इथेच पहिला तंटा होतो. मेंटेनन्सला गिअरबॉक्स, कूलिंग टॉवरचा पंप, हायड्रॉलिक पॉवर पॅक वेगळे हवे असतात. अकाउंटंटच्या पुस्तकात ‘मोल्डिंग लाइन, 1 नग’ एवढंच असतं. ॲसेटखाली ॲसेट, म्हणजे मशीन, मग उपभाग, मग मोटर अशी झाडासारखी रचना या आवृत्तीत तयार मिळत नाही. एक रुपया किंमत टाकून उपभाग चढवायची युक्ती काही जण सांगतात. ती चालते, पण मालमत्तेच्या यादीत दीडशे एक-एक रुपयाच्या वस्तू दिसल्या की ऑडिटर प्रश्न विचारणारच. त्यापेक्षा पुस्तकातलं मशीन हेच ॲसेट ठेवावं आणि ब्रेकडाऊनच्या फॉर्ममध्ये ‘उपभाग’ असा एक जादा रकाना घालावा. ‘कस्टमाइझ फॉर्म’मधून तो पाच मिनिटांत होतो, प्रोग्रॅमर लागत नाही.

कोड लहान ठेवा: विभाग, मशीनचा प्रकार, दोन आकडे. सॉफ्टवेअर स्वतःहून लांबलचक क्रमांक देतं. तो कुठल्याही फिटरच्या तोंडी बसणार नाही. ‘तीन नंबरचं व्हीएमसी’ (उभं सीएनसी मिलिंग मशीन) हे शॉपवरचं नाव ॲसेटच्या नावातच यायला हवं, नाहीतर शोधताना सापडत नाही.

60 मशीनच्या युनिटला दोन माणसांनी पाटीचे फोटो काढत फिरायला तीन-चार दिवस द्यावेत. ऑफिसात बसून जुन्या एक्सेलवरून यादी चढवू नका. त्या यादीत भंगारात गेलेली मशीन असतात आणि शेडमध्ये उभी असलेली नसतात. यादी तयार झाली की डेटा इम्पोर्टने एकदम चढते. चढवण्याआधी एक खूण विसरू नका: ‘मेंटेनन्स रिक्वायर्ड’. ती राहिली तर ॲसेटच्या पानावर मेंटेनन्स सुरू करायचं बटणच दिसत नाही, आणि माणसं सॉफ्टवेअरला शिव्या देतात.

नावांचा आणखी एक घोळ आहे. मेनूत ‘मेंटेनन्स शेड्यूल’ आणि ‘मेंटेनन्स व्हिजिट’ असे दोन पर्याय दिसतात. ते आपल्या मशीनसाठी नाहीत. ग्राहकाला विकलेल्या वस्तूच्या सर्व्हिसिंगसाठी आहेत, म्हणजे पंप किंवा आरओ प्लँट विकणाऱ्यांसाठी. आपल्याला हवं ते ‘ॲसेट मेंटेनन्स’. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हे दोन पर्याय लपवून टाका.

आधी ब्रेकडाऊन, मग प्रतिबंधक

सॉफ्टवेअर बसवणारे बहुधा प्रतिबंधक वेळापत्रकापासून सुरुवात करतात, कारण ते दाखवायला छान दिसतं. क्रम उलटा हवा. पहिले दोन महिने फक्त ब्रेकडाऊन नोंदवा. कोणतं मशीन किती वेळा आणि कशाने बंद पडतं हे कळल्याशिवाय लावलेलं वेळापत्रक मशीनच्या पुस्तकातून उतरवलेलं असतं. साठ मशीनची मिळून महिन्याला चारशे कामं होतात आणि चार फिटर ती करू शकत नाहीत. मग ‘मुदत टळली’ असा लाल रंग सगळीकडे पसरतो आणि त्या रंगाची सवय होते. लाल रंगाची सवय झालेलं सॉफ्टवेअर मेलेलं समजावं.

ब्रेकडाऊनसाठी ‘ॲसेट रिपेअर’ हा फॉर्म आहे. त्यात बिघाडाची तारीख-वेळ, दुरुस्ती पूर्ण झाल्याची तारीख-वेळ, काय झालं, काय केलं आणि वापरलेले पार्ट येतात. नोंद ‘पेंडिंग’ असेपर्यंत ॲसेटची स्थिती आपोआप ‘आउट ऑफ ऑर्डर’ होते आणि दुरुस्ती पूर्ण किंवा रद्द केल्याशिवाय फॉर्म सबमिट होत नाही. हे दोन्ही चांगलं आहे. उघडी नोंद लपत नाही.

डाऊनटाइम सॉफ्टवेअर स्वतः काढतं, पण घड्याळाप्रमाणे. एका शिफ्टच्या शॉपमध्ये शनिवारी संध्याकाळी 6 वाजता स्पिंडल अडकलं आणि सोमवारी सकाळी 10 वाजता मशीन चालू झालं, तर नोंद 40 तासांची. शिफ्ट सकाळी 8 ला सुरू होते, म्हणजे उत्पादनाचं नुकसान 2 तासांचं. या आकड्यावरून प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सची भांडणं लागतात. उपाय म्हणजे ‘उत्पादनाचे गेलेले तास’ असा वेगळा रकाना घालायचा आणि तो सुपरवायझरने भरायचा. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या, आयएटीएफ 16949 हे त्या उद्योगाचं गुणवत्ता मानक घेतलेल्या युनिटांनी हे पहिल्या दिवसापासून करावं. त्या मानकाच्या 8.5.1.5 या कलमात दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि दुरुस्तीचा सरासरी काळ हे मेंटेनन्सच्या उद्दिष्टांत येतात. या दोन्हींचा ॲसेटनिहाय तयार अहवाल ईआरपीनेक्स्टमध्ये नाही. रिपोर्ट बिल्डरमधून बेरीज-सरासरी निघते. व्यवस्थित पत्रक हवं असेल तर क्वेरी रिपोर्ट लिहून घ्यावा लागतो, तो जाणकाराचं एका दिवसाचं काम आहे.

‘डाऊनटाइम एंट्री’ नावाचा आणखी एक फॉर्म मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहे. तो वर्कस्टेशनला जोडलेला आहे, ॲसेटला नाही. दोन्हीकडे नोंदी ठेवल्या तर दोन वेगळे आकडे येतात. एकच निवडा. मेंटेनन्सला ॲसेट रिपेअरच बरा.

बिघाडाच्या कारणासाठी निवडीचा रकाना घाला: यांत्रिक, विद्युत, हायड्रॉलिक, हवा, टूलिंग, ऑपरेटरची चूक, वीजपुरवठा. सात-आठच्या पुढे जाऊ नका, आणि ‘इतर’ ठेवू नका. ठेवलं की सगळं तिथेच जाऊन बसतं.

या फॉर्मवर एक धोकादायक खूण आहे, ‘दुरुस्तीचा खर्च भांडवली करा’. फिटरने चुकून ती केली की मशीनचं पुस्तकी मूल्य वाढतं आणि घसाऱ्याचं वेळापत्रक बदलतं. बेअरिंग बदललं म्हणून लेथची किंमत वाढल्याचं मार्चमध्ये अकाउंटंटला दिसतं. फिटरच्या फॉर्मवरून ती खूण लपवा आणि फक्त अकाउंट्सच्या रोलला (परवानग्यांच्या गटाला) दिसू द्या. परवानग्या एकूणच एकदा तपासून घ्या. मूळ मांडणीत या फॉर्मांचा ताबा उत्पादन आणि क्वालिटीच्या रोलकडे आहे, त्यामुळे मेंटेनन्सच्या माणसाला पहिल्या दिवशी ‘परवानगी नाही’ अशी पाटी दिसू शकते.

ऑपरेटरकडून तक्रार घ्यायला वेब फॉर्म उत्तम: मशीन, काय झालं, फोटो, एवढे तीनच रकाने. प्रत्येक मशीनचा क्यूआर कोड करून त्याच्या लिंकमध्ये मशीनचा क्रमांक आधीच घालता येतो, म्हणजे ऑपरेटरला यादीतून मशीन शोधावं लागत नाही. फौंड्रीत मात्र कागदी स्टिकर टिकत नाही. वाळू आणि उष्णतेने महिन्याभरात पांढरं पडतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून घ्या आणि मशीनच्या अंगावर लावण्याऐवजी ऑपरेटर पॅनेलशेजारी लावा. हे सगळं केलं तरी ‘मिस्त्री, पट्टा तुटला, या लवकर’ हा फोन येणारच. तो बंद करायचा प्रयत्न करू नका. फोन आल्यावर मिस्त्रीने स्वतःच्या मोबाइलवरून नोंद उघडायची, असा नियम ठेवा.

मोबाइलवर सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये नीट चालतं, पण नेटवर्क असेल तरच. ऑफलाइन नोंद होत नाही. कोल्ड स्टोरेजच्या चेंबरमध्ये जाड इन्सुलेशनमुळे रेंज येत नाही, इंजिन रूममध्येही तीच गत. इंजिन रूमच्या दाराशी वायफायचा एक पॉइंट टाका, नाहीतर आकडे हातावर लिहून बाहेर येतात आणि हात धुतला की जातात.

भाषेचं सांगायचं तर मराठी निवडता येते, पण पडदा अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी होतो आणि काही शब्द शब्दकोशातून थेट उचलल्यासारखे वाटतात. ट्रान्सलेशनच्या यादीत आपले शब्द घालता येतात. ‘ॲसेट रिपेअर’ला ‘ब्रेकडाऊन’, ‘ॲसेट मेंटेनन्स लॉग’ला ‘पीएम काम’ (पीएम म्हणजे प्रतिबंधक मेंटेनन्स) असं केलं की निम्मं प्रशिक्षण तिथेच संपतं. मालमत्ता, अनुरक्षण असले शब्द शॉपवर कोणी बोलत नाही.

दिवस आणि तास

प्रतिबंधक कामासाठी प्रत्येक ॲसेटचं एकच ‘ॲसेट मेंटेनन्स’ पान असतं. त्यात कामांची यादी: कामाचं नाव, प्रकार प्रतिबंधक की कॅलिब्रेशन, पाळी, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, कोणाला दिलं, प्रमाणपत्र लागतं का. साठवलं की प्रत्येक कामाचा लॉग तयार होतो आणि मुदत टळली की त्याची स्थिती रोजच्या फेरीत आपोआप बदलते. लॉग पूर्ण करून सबमिट केला की पुढची तारीख येते.

ती पुढची तारीख कशी येते हे समजून घ्या. सॉफ्टवेअर काम प्रत्यक्ष झालं त्या दिवसापासून पुढे मोजतं, ठरलेल्या तारखेपासून नाही. ग्रीसिंगला हे योग्यच आहे. उशीर झाला तर पुढचंही तेवढंच सरकावं. पण कायद्याच्या तपासण्यांना हे घातक आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 ने क्रेन, चेन पुली, दोर यांची सक्षम व्यक्तीकडून (सरकारमान्य तपासनिसाकडून) तपासणी 12 महिन्यांतून निदान एकदा, आणि कलम 28 ने लिफ्टची 6 महिन्यांतून एकदा घालून दिली. दरवर्षी पंधरा दिवस उशीर झाला तर सॉफ्टवेअर निमूटपणे पुढची तारीख तेवढी पुढे नेतं आणि कागदावर सगळं हिरवं दिसतं. अशा कामांना पाळी वर्षाची ठेवलीत तरी प्रमाणपत्र संपण्याची तारीख वेगळ्या रकान्यात घाला आणि ‘नोटिफिकेशन’मधून 45 दिवस आधी ईमेल जाईल असं लावा. सक्षम व्यक्तीची वेळ मिळायलाच दोन-तीन आठवडे जातात. बॉयलर, प्रेशर व्हेसल, सेफ्टी व्हॉल्व्ह यांनाही हाच उपाय. ‘प्रमाणपत्र आवश्यक’ ही खूण करून पीडीएफ त्याच लॉगला जोडली की तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर फाइलींची शोधाशोध करावी लागत नाही. या भागात सॉफ्टवेअर खरोखर पैसे वसूल करून देतं. गेज आणि थर्मोकपलच्या कॅलिब्रेशनचंही तसंच.

आता तासांचं. तीन मार्ग आहेत, सोप्याकडून अवघडाकडे.

पहिला मार्ग सरासरीचा. कॉम्प्रेसरचं तेल 2,000 तासांनी बदलायचं असेल तर उन्हाळ्यात 20 तासांच्या हिशेबाने 100 दिवस होतात, थंडीत 8 तासांच्या हिशेबाने 250 दिवस. वर्षभर एकच तिमाही पाळी लावली तर उन्हाळ्यात जेमतेम जमतं आणि हिवाळ्यात 720 तासांतच चांगलं तेल ओतून टाकलं जातं. म्हणून दर सोमवारी तास-मीटरचा आकडा घ्यायचा आणि कामाची तारीख इंजिनिअरने हाताने सरकवायची. दहा-बारा यंत्रं असतील तर हे पुरेसं आहे, आणि इतक्या यंत्रांसाठी कोणी याहून महागडं काही विकत असेल तर घेऊ नका.

दुसरा मार्ग छोट्या स्क्रिप्टचा. ‘तास नोंद’ नावाचा नवा फॉर्म करायचा: मशीन, तारीख, मीटरचा आकडा. नोंद साठवली की मागच्या सर्व्हिसच्या आकड्यातून फरक काढायचा, आणि तो ठरलेल्या तासांच्या 90 टक्क्यांपुढे गेला की फिटरच्या नावे काम तयार करायचं. आवृत्ती 15 मध्ये सर्व्हर स्क्रिप्ट मुळात बंद असते आणि सर्व्हरच्या कॉन्फिगमधून चालू करावी लागते. ‘स्क्रिप्ट लिहिली पण चालत नाही’ या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण असतं. दोन तपासण्या हव्याच. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान असेल तर अडवायचा, आणि दोन नोंदींतला फरक मधल्या दिवसांच्या 24 पटींहून जास्त असेल तर अडवायचा. 12,450 च्या जागी 21,450 लिहिणारा हात प्रत्येक शिफ्टला असतोच. आणि मीटर बदलला तर? त्यासाठी ‘मीटर बदलला’ अशी खूण आणि जुन्या मीटरचा अखेरचा आकडा, असे दोन रकाने आधीच ठेवा.

तिसरा मार्ग पीएलसीतून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधून, थेट आकडा आणायचा. सॉफ्टवेअरचा एपीआय (बाहेरची यंत्रणा जोडायची सोय) चांगला आहे, होऊ शकतं. पण वही नीट भरली जात नसताना तारा ओढण्यात अर्थ नाही.

साखर कारखान्याचा प्रश्न निराळा. हंगामातली कामं, म्हणजे मिलच्या बेअरिंगचं तापमान, केन कॅरिअरच्या चेनचा ताण, सेंट्रिफ्युगलच्या पट्ट्यांची तपासणी, ॲसेट मेंटेनन्समध्ये सुरुवातीची आणि शेवटची तारीख घालून बसवता येतात. शेवटच्या तारखेनंतर नवी पाळी येत नाही. पुढच्या गळिताआधी सगळ्या तारखा डेटा इम्पोर्टने एकदम बदलायच्या. हे काम एका ठरावीक माणसाच्या नावावर हवं, नाहीतर बॉयलर पेटतो आणि सॉफ्टवेअर झोपलेलंच राहतं. ऑफ सीझनची ओव्हरहॉलिंग मात्र या पानांत कोंबू नका. रोलर काढणं, शेल करणं (त्यावर नवं कवच चढवणं), ज्यूस हीटरच्या नळ्या बदलणं ही एकमेकांवर अवलंबून असलेली कामं आहेत. त्यासाठी प्रोजेक्ट मॉड्यूल वापरा. ‘प्रोजेक्ट टेम्प्लेट’ एकदा केलं की दरवर्षी त्यावरून नवा प्रोजेक्ट उघडतो, आणि मागणीपत्रं त्याला जोडल्याने कोणत्या विभागाच्या ओव्हरहॉलिंगला किती सामान लागलं हे निघतं. हा भाग बहुतेक सादरीकरणांत दाखवलाच जात नाही.

सॉफ्टवेअरची आणखी एक कमतरता चेकलिस्टची. एका कामात ‘तेलाची पातळी, दाब, तापमान, आवाज’ असे चार आकडे भरायची सोय लॉगमध्ये नाही, फक्त ‘काय केलं’ असा मोकळा रकाना आहे. त्यात सगळे ‘ओके’ लिहितात. लॉगमध्ये तक्त्याचा जादा भाग घालून घ्या: मुद्दा, किमान, कमाल, आकडा. सक्शनचा दाब आकड्यात लिहावा लागला की माणूस निदान गेजसमोर जाऊन उभा राहतो.

स्टोअर

ईआरपीनेक्स्ट निवडण्याचं खरं कारण इथे आहे. ब्रेकडाऊनच्या फॉर्मवरच वापरलेले पार्ट भरले की फॉर्म सबमिट होताना स्टॉक कमी होतो, आणि आयटमला पुनर्मागणीची पातळी लावली असेल तर मागणीपत्र आपोआप तयार होतं. फक्त मेंटेनन्सच्या ॲपमध्ये हेच करायला दोन सॉफ्टवेअर जोडत बसावं लागतं.

पण आयटमची नावं नीट नसतील तर हे सगळं फुकट. 6205 बेअरिंग एका स्टोअरमध्ये ‘6205’, ‘6205 झेडझेड’, ‘6205 2झेड’ आणि ‘बेअरिंग 25 बोअर’ अशा चार नावांनी सापडतं. यातले झेडझेड आणि 2झेड हे दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड असलेले, म्हणजे एकच वस्तू. 2आरएस मात्र रबर सीलचं, ते वेगळंच ठेवायचं. नावाचा साचा ठरवा, वस्तू, क्रमांक, प्रकार, आणि कंपनी वेगळ्या रकान्यात. मगच इम्पोर्ट करा. स्पेअरची यादी साफ करायला मशीनच्या यादीच्या तिप्पट वेळ धरा.

एककाची चूक सगळ्यात महागात पडते. हायड्रॉलिक तेल 68 ग्रेडचं 210 लिटरच्या बॅरलने येतं आणि 5 लिटरच्या कॅनने वापरलं जातं. स्टॉकचं एकक ‘लिटर’ ठेवा, खरेदीचं ‘बॅरल’, गुणक 210. ‘बॅरल’ हेच स्टॉकचं एकक ठेवून पहिला व्यवहार झाला की मग ते बदलता येत नाही, नवा आयटम करावा लागतो. व्ही-बेल्टही नग म्हणून ठेवा आणि किती पट्ट्यांचा संच लागतो ते मशीनच्या पानावर लिहा, कारण चारांपैकी एकच नवा घातला तर तोच सगळा भार घेतो आणि आधी तुटतो.

रात्रपाळीत स्टोअर बंद असतं. फिटर कपाटातून पट्टा काढतो, मशीन चालू करतो, आणि सकाळी फॉर्म सबमिट होत नाही, कारण त्या गोदामात स्टॉक शून्य. इथे बरेच जण चिडून ‘ऋण स्टॉक चालेल’ ही सेटिंग चालू करतात. करू नका. किमती बिघडतात आणि कुठला आकडा खरा हे पुन्हा कळत नाही. त्याऐवजी ‘फिटर कपाट’ असं छोटं गोदाम काढा आणि त्यात वीस-पंचवीस वस्तू स्टोअरमधून रीतसर हलवा: चालू पट्टे, काँटॅक्टर, फ्यूज, प्रॉक्झिमिटी सेन्सर, ओ-रिंग. दर सोमवारी मोजणी करून भरून काढा. ब्रेकडाऊनचा माल त्याच गोदामातून वजा होऊ द्या.

सर्व्हर, बॅकअप आणि पैसे

शंभरेक वापरकर्त्यांखालच्या युनिटला 4 जीबी रॅमचा उबंटू सर्व्हर सुरुवातीला पुरतो. प्रश्न तो कुठे ठेवायचा हा आहे. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या सांगलीत तळमजल्यावरच्या ऑफिसात एकमेव सर्व्हर ठेवणं हा शहाणपणा नाही. क्लाउडवर घ्या, किंवा वरच्या मजल्यावर ठेवून बॅकअप जिल्ह्याबाहेर पाठवा. मूळ मांडणीतला बॅकअप त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर पडतो, हे अनेकांना डिस्क गेल्यावर कळतं. दुसरी खाच म्हणजे नेहमीच्या बॅकअपमध्ये डेटाबेस येतो, जोडलेल्या फाइली येत नाहीत. तपासणीची प्रमाणपत्रं आणि ब्रेकडाऊनचे फोटो हवे असतील तर फाइलींसह बॅकअपचा पर्याय मुद्दाम लावावा लागतो. तिमाहीतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

परवाना फुकट असला तरी काम फुकट नाही. सर्व्हरचं भाडं, बसवणाऱ्याचे दिवस, आणि मुख्य म्हणजे आपल्या माणसांचा वेळ. 60 मशीनच्या युनिटला यादीपासून प्रतिबंधक कामं सुरळीत होईपर्यंत पाच-सहा महिने लागतात. ‘पंधरा दिवसांत चालू’ म्हणणारा फक्त सॉफ्टवेअर चालू करून देणार असतो.

कोणी घ्यावं? ज्यांचं स्टोअर आणि खरेदी आधीच यात आहे, किंवा आणायची आहे, त्या फौंड्री, मशीन शॉप, डेअरी आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांनी जरूर. साखर कारखान्याने तासांची स्क्रिप्ट आणि प्रोजेक्ट टेम्प्लेट या दोन्हींचं काम करारात लिहून घेऊनच. नुसतं मेंटेनन्ससाठी, स्टोअर वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवून घेणार असाल तर निम्मा फायदा गेला, मग तयार ॲप बरं. आणि 15 मशीनच्या वर्कशॉपला भिंतीवरचा फळा आणि एक शेअर केलेली शीट पुरते.

करार करताना दोन गोष्टी बघा. आपले जादा रकाने आणि स्क्रिप्ट ‘कस्टम फील्ड’मधून किंवा वेगळ्या ॲपमधून केल्या पाहिजेत, मूळ कोडमध्ये हात घालून नाही. मूळ कोड बदलला की पुढच्या आवृत्तीला जाताना बदल पुसले जातात किंवा अपडेटच अडकतं, आणि मग कारखाना कायमचा त्याच माणसावर आणि त्याच जुन्या आवृत्तीवर अवलंबून राहतो. दुसरं, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, सर्व्हरचं लॉगिन, आणि बॅकअप एन्क्रिप्ट केलेले असतील तर त्यांची किल्ली, हे तिन्ही कारखान्याच्या ताब्यात हवं. शेवटचं बिल देण्याच्या वेळी नाही, पहिल्या बिलाआधी मागून घ्या.